परक्या पियानोसमोरची पंधरा मिनिटं

बासरीवाला बासरी पिशवीत घालून निघतो. भजनातला बुवासुद्धा आपली पेटी टेम्पोत घालून शेजारच्या गावी नेतो, कारण हाताला सवय तिचीच असते. पियानो वाजवणाऱ्याला ती सोय नाही. दार उघडून आत गेलं की जो पियानो समोर असेल तो आपला म्हणायचा. विख्यात पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ १९८६ साली मॉस्कोला वाजवायला गेले तेव्हा स्वतःचा स्टाइनवे पियानो घेऊन गेले, पण तसं करणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीत शिकवणाऱ्या संस्थेच्या, ऑडिशनमध्ये मिळतात दहा-पंधरा मिनिटं, टेबलामागचे तीन-चार अनोळखी परीक्षक आणि कधी हात न लावलेलं वाद्य.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यातून अशा ऑडिशनची तयारी करणाऱ्या मुलाला घरचे सांगतात, ‘धीर धर, काही होत नाही.’ प्रेमाने सांगतात, पण त्याने भागत नाही. घबराट हा स्वभावाचा दोष आहे असं मला वाटत नाही. तिचा मोठा हिस्सा परकेपणातून येतो: परका पियानो, परकी खोली, गारठा, पायात बूट, मध्येच थांबवणारा आवाज. आणि परकेपणाचा रियाज करता येतो. तो घरी बसून, महिनोन् महिने आधी करावा लागतो. ऑडिशनच्या दिवशी करण्यासारखं फार थोडं उरतं.

आधी काय वाजवायचं ते. मागणी बहुतेक ठिकाणी एकाच घाटाची असते. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’मधला एक प्रेल्यूड (छोटी प्रस्तावना) आणि फ्यूग (एकच धून अनेक आवाजांत पाठोपाठ येते ती रचना), हायडन, मोझार्ट, बेथोव्हेन किंवा शूबर्ट यांच्यापैकी एकाचा सोनाटा (अनेक भागांची रचना), कुठे पूर्ण तर कुठे फक्त पहिला जलद भाग, शोपँ, शूमान, लिस्ट, ब्राम्स यांच्या काळातली एखादी मोठी रचना, आणि हाताची तयारी दाखवणारे एक-दोन एत्यूद. बहुतेक सगळं पाठ हवं. संस्थेची यादी शब्दन् शब्द वाचावी. शोपँचा एत्यूद म्हटलं की मुलांना ऑपस १० (ऑपस म्हणजे रचनासंचाचा क्रमांक) मधला तिसरा आवडतो. पण तो, त्याच संचातला सहावा आणि ऑपस २५ मधला सातवा संथ असल्यामुळे पुष्कळ संस्था ते चालणार नाहीत असं यादीतच लिहितात. सहा महिने घासलेला एत्यूद अर्ज भरताना बाद झाला, तर त्या वर्षाची उमेद तिथेच खचते.

रचना निवडताना आपल्याला जे जेमतेम झेपतं ते घेऊ नये, त्याच्या एक पायरी अलीकडचं घ्यावं. घाबरलेल्या हाताला सगळं कसब मिळत नाही; थोडी शिल्लक ठेवलेली असेल तर तीच कामी येते. पूर्ण कार्यक्रम चाळीस-पन्नास मिनिटांचा तयार असतो, ऐकला जातो त्यातला तुकडा. सुरुवात कशाने करायची ते बहुधा विद्यार्थ्याला विचारतात, पुढचं परीक्षक सांगतात. सुरुवातीला एत्यूद नको. गार बोटांनी सोळांश मात्रांच्या धावत्या ओळी काढणं म्हणजे जोखीमच. मध्यम लयीतलं, पहिल्या दोन ओळींत श्वास घ्यायला जागा असलेलं काहीतरी पुढे ठेवावं.

आता घरच्या वाद्याकडे येऊ, कारण कोकणातल्या विद्यार्थ्याची निम्मी लढाई तिथे असते. पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण १८-२० टनांच्या घरात जातो. हा सगळा ताण ज्या साउंडबोर्डवरून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या फळीवरून, बोलतो तो लाकडाचा. हवेत ४०-५० टक्के आर्द्रता असावी हे त्याचं सुख. मृगापासून दसऱ्यापर्यंत आपल्याकडे हवा नव्वदीच्या आसपास रेंगाळते. लाकूड पाणी पिऊन फुगतं, साउंडबोर्ड वर उचलला जातो, तारा ताणल्या जातात आणि मधल्या सप्तकांचे सूर चढतात. पाऊस संपून हवा कोरडी झाली की तेच सूर उतरतात. पट्ट्यांच्या खाचांतलं लोकरी कापड फुगलं की दाबलेली पट्टी वर येत नाही. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या सांध्यातलं फुगलं की हातोडी सुस्तावते. अशा वेळी घरात कोणाला तरी खोबरेल तेल सुचतं. तेलाचा एक थेंबही आत जाऊ देऊ नये. तेल कापडात मुरतं, नंतर चिकट होतं आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला ते सगळं कापड बदलावं लागतं.

पियानो चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. चिरा पावसात ओल धरतो आणि ती थेट मागच्या साउंडबोर्डला लागते. आतल्या भिंतीशी, वीतभर मोकळी जागा सोडून ठेवावा. खालच्या कप्प्यात कमी वॅटची, पियानोसाठीच बनवलेली हीटर रॉड मिळते. ती पावसाळाभर चालू ठेवली की आतली हवा कोरडी राहते आणि पट्ट्या अडकण्याचं प्रमाण स्पष्टपणे घटतं. सिलिका जेलच्या पुड्या एवढ्या मोठ्या पोकळीत फारसं काही करत नाहीत. ट्यूनर बाहेरून बोलवावा लागतो, म्हणून पाऊस थांबल्या थांबल्या बोलवायची घाई होते. तीन-चार आठवडे थांबावं, लाकूड स्थिरावू द्यावं, मगच सूर टिकतात. उंदरांवर लक्ष ठेवावं. आतल्या लोकरी फेल्टचं त्यांना फार आकर्षण.

बहुतेक घरांत खरा पियानो नसतोच, डिजिटल असतो. चालेल, पण काही अटींवर. ८८ पट्ट्या हव्यात, त्यांना हातोडीचं वजन हवं, आणि पायाखालचं, स्वर लांबवणारं पेडल अर्धं दाबलेलं ओळखणारं हवं. नुसतं चालू-बंद होणारं पेडल पायाला चुकीचं शिकवतं. ६१ पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर ही तयारी होत नाही, हे पालकांना आधीच सांगितलेलं बरं. आवाजाचा खटका एका जागी पक्का करून त्याला हात लावू नये. आवाज बारीक ठेवून वाजवणारा मुलगा नकळत पट्ट्या ठोकायला लागतो आणि खऱ्या ग्रँडसमोर (मोठ्या, आडव्या पियानोसमोर) बसला की त्याचा पहिला स्वर खोलीभर आदळतो. हेडफोन रात्रीपुरते. वीज गेली तर साध्या इन्व्हर्टरवर डिजिटल पियानो निभावतो, त्याला वीज थोडीच लागते; मात्र वळीवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवावा.

खऱ्या पियानोची पट्टी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते आणि तिला दाबायला पन्नास-एक ग्रॅम वजन लागतं. पण एका पियानोवर ते सत्तेचाळीस असतं, दुसऱ्यावर साठ. हा फरक बोटांना आधीच माहीत व्हायला हवा. म्हणून ऑडिशनआधीच्या वर्षात जेवढे खरे पियानो गाठता येतील तेवढे गाठावेत: चर्चमधला जुना अपराइट (उभा पियानो), एखाद्या हॉटेलच्या लॉबीतला, ओळखीच्या घरातला, शाळेच्या सभागृहातला. कुडाळ-सावंतवाडीच्या मुलाला थिवी किंवा करमळीला उतरून पणजी गाठता येते. तिथे कांपालला कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण मिळतं, आणि गोव्यातल्या जुन्या घरांतून पियानोही पुष्कळ आहेत. विनंती केली तर तासभर वाजवू देणारी माणसं भेटतात. रत्नागिरीच्या मुलाला मुंबई-पणजी दोन्ही दूर पडतात, पण दोन महिन्यांतून एकदा तरी जायलाच हवं. प्रत्येक पियानोबद्दल वहीत चार ओळी लिहाव्यात: पट्टी जड की हलकी, पेडल किती खोल गेल्यावर धरतं, खर्जाचे सूर घुमतात का, कोणत्या रचनेला त्रास झाला. असे आठ-दहा पियानो वहीत जमले की नवव्या-दहाव्यापासून हात पहिल्या मिनिटातच स्वतःला जुळवून घ्यायला लागतो. एक गोष्ट फक्त ग्रँडवरच कळते. त्याच पट्टीवर झपाट्याने पुन्हा पुन्हा आघात करायचे तर ग्रँडमध्ये पट्टी पूर्ण वर येण्याची वाट पाहावी लागत नाही. पियानो बनवणाऱ्या सेबास्तियाँ एरारची, १८२१ मध्ये पेटंट झालेली ती यंत्रणा अपराइटमध्ये सहसा नसते. कार्यक्रमात असे पुनरावृत्तीचे स्वर असतील तर अपराइटवर ते जमत नाहीत म्हणून बोटांना दोष देत बसू नये.

आपल्याकडची बरीच मुलं पेटीवरून पियानोकडे येतात. त्यातून काही सवयी लागलेल्या असतात आणि त्या दबावाखाली हमखास वर येतात. पेटीत डावा हात भात्यावर असतो, म्हणून डाव्या हाताची बोटं मागे राहतात. पेटीचा आवाज भात्याच्या हवेवर वाढतो-घटतो. पट्टी किती जोरात दाबली यावर नाही. पियानोत मात्र पट्टी किती वेगाने खाली गेली यावरच सगळा लहान-मोठा आवाज ठरतो. पेटीवरून आलेल्या मुलाचं वाजवणं म्हणून सपाट ऐकू येतं. उपाय रटाळ आहे पण लागू पडतो: रोज वीस मिनिटं फक्त डावा हात, एकच स्केल पाच वेगवेगळ्या जोरांत, सर्वांत हळू जोरातही प्रत्येक स्वर बोलला पाहिजे. याची दुसरी बाजू फार मोलाची आहे. आरत्या आणि भजनं म्हणत वाढलेल्या मुलाचा कान पक्का असतो, ऐकलेलं लगेच गाऊन दाखवता येतं, आणि कानाच्या परीक्षेत नेमकं तेच विचारतात. कमी पडतं ते वाचन. समोर ठेवलेलं अनोळखी पान पाहून वाजवायला सांगतात, तिथे रोजची दहा मिनिटं लागतात. रोज नवीन पान घ्यायचं, थांबायचं नाही, चुकलं तरी मागे वळायचं नाही.

आता पाठांतर, कारण खरी भीती तिथेच दडलेली असते. वाजवताना विसरलो तर? हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो आणि बहुतेक जण तो बोलून दाखवत नाहीत.

हजार वेळा वाजवून जे बसतं ते बोटांचं पाठांतर. ते एका साखळीत असतं. एक स्वर पुढच्याला ओढून आणतो. घरी ते कधीच दगा देत नाही, कारण घरी आपण बोटांकडे पाहत नसतो. परीक्षकांसमोर मन अचानक बोटांकडे वळतं, ‘आता चौथं बोट की तिसरं?’ असं विचारतं, आणि साखळी तुटते. तुटली की पुन्हा जोडायला एकच जागा असते, ती म्हणजे सुरुवात. म्हणून रचनेला आठ-दहा आरंभस्थानं ठरवून घ्यावीत, विभाग बदलतो किंवा सूर पालटतो तिथे. प्रत्येकावरून थेट सुरू करता आलं पाहिजे, तेही उलट्या क्रमाने, शेवटच्यापासून पहिल्याकडे. मग चिठ्ठ्या करून डब्यात टाकायच्या. घरातल्या कोणीही एक चिठ्ठी काढायची: ‘सोनाटा, पाच नंबर.’ तीन सेकंदांत हात सुरू झाला पाहिजे. त्यानंतर फक्त डाव्या हाताचं पाठांतर तपासावं. डावा हात एकट्याने पुढे जाऊ शकत नसेल तर ती रचना पाठ झालेली नाही, कितीही छान वाजत असली तरी. शेवटची परीक्षा वाद्यापासून दूर: डोळे मिटून रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात ऐकायची, बोटं कुठे पडतात ते दिसलं पाहिजे. जिथे धूसर होतं ती जागा वहीत लिहायची. ऑडिशनमध्ये घसरायचं ठिकाण बहुतेक वेळा तेच असतं.

सोनाट्यात एक खास सापळा आहे. पहिल्या भागात दुसरी धून आधी मूळ सुरापासून, म्हणजे रचनेच्या ‘सा’पासून, दूर जाते. शेवटी तीच धून परत येते तेव्हा मूळ सुरातच राहते. बेथोव्हेनच्या पहिल्याच सोनाट्यात, ऑपस २ क्रमांक १ मध्ये, दुसरी धून आधी ए-फ्लॅट मेजरकडे जाते आणि परतताना एफ मायनरमध्ये येते. दोन्ही वेळी अलीकडचे बार (मोजक्या मात्रांचे छोटे गट) जवळपास सारखे. हा तिठा आहे. एक रस्ता गावात जातो, दुसरा घाटाकडे, आणि सवयीने वळलेला हात दुसऱ्यांदाही पहिल्याच रस्त्याला लागला तर आपण फिरून तिथेच येतो, भाग संपतच नाही. असे सगळे तिठे पानावर रंगीत पेन्सिलीने खुणावे. आधीचे चार बार आणि नंतरचे चार बार, दोन्ही वळणं पाठोपाठ वाजवावीत आणि वाजवताना सुराचं नाव मोठ्याने म्हणावं. मोझार्टचा के. ५४५ (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) हा सोपा सोनाटा ऑडिशनला नेण्यासारखा नाही, पण अभ्यासाला उत्तम आहे. त्यात पहिली धून परतताना मूळ सी मेजरऐवजी एफ मेजरमध्ये येते, त्यामुळे तिठा ओळखण्याची सवय लागते.

फ्यूगला तर बोटांचं पाठांतर अजिबात पुरत नाही. तीन आवाजांचा फ्यूग असेल तर प्रत्येक आवाज एकटा, त्याच्याच बोटांनी वाजवावा. मग दोन वाजवून तिसरा गावा. भजनातल्या मुलांना हे लवकर जमतं, आणि त्यात त्यांना मजाही येते.

शरीराचं म्हणाल तर ते आपलं काम चोख करत असतं. धोका आहे असं वाटलं की ॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, त्वचेकडचा रक्तपुरवठा आकसतो. म्हणून बोटं गार पडतात, तळव्यांना घाम येतो, बारीक कंप सुटतो, श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतो. काळाचा अंदाजही बिघडतो, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक जण पहिली ओळ वेगात सुरू करतो आणि अवघड जागी अडकतो. त्यावरचा उपाय साधा आहे. सुरुवातीची ओळ मनात ऐकून लय ठरवू नका. रचनेतला सर्वांत दाट बार मनात ऐका, तो ज्या लयीत नीट वाजतो तीच लय पहिल्या ओळीला द्या. मेट्रोनोमवर, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला १३२ला पक्कं असलेलं तिथे १२६ला घ्यावं. श्वासासाठी चारपर्यंत मोजत आत, सहापर्यंत मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती उतरते. पण हे त्या दिवशी प्रथम करून उपयोग नाही, दोन महिने रोज रियाजाआधी केलेलं असावं.

प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांची चर्चा वादकांत चालते. त्यांनी कंप आणि धडधड कमी होते हे खरं. विसरणं त्यांनी थांबत नाही, कच्चं पिकत नाही. दमा असलेल्याला त्या धोक्याच्या आहेत. कोणाच्या खिशातून घेऊन खायची ही वस्तू नाही. डॉक्टरांनी तपासून दिलीच तर आधी घरच्या एखाद्या सादरीकरणाला घेऊन पाहावी. अठराव्या वर्षी पहिला उपाय म्हणून मी तिच्याकडे पाहणार नाही.

परकेपणाचा रियाज म्हणजे काय ते आता. दिवसाचं पहिलं वाजवणं हे ऑडिशनच समजावं. बोटं न तापवता, एकदाच, मध्ये न थांबता, फोनवर रेकॉर्ड करत. नंतर दिवसभर दुरुस्तीचा रियाज आहेच. हे दोन रियाज वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं आहे. रोज चुकलं की थांबून दुरुस्त करणारा विद्यार्थी प्रत्यक्षात थांबण्याचाच सराव करत असतो. मग परीक्षकांसमोरही तो थांबतो. चुकीचा स्वर सोडून द्यावा. विसर पडला तर मागे न जाता पुढच्या आरंभस्थानावर उडी घ्यावी आणि तोवर डाव्या हाताने लय धरून ठेवावी. ही उडीही मुद्दाम सराव करून बसवावी लागते.

कधी अंगणातून माडीपर्यंत दोन-तीन फेऱ्या धावून, हृदय धडधडत असतानाच बसावं आणि सुरू करावं. कधी हात मिनिटभर बर्फाच्या पाण्यात बुडवून. आपल्याकडे घरात सगळे अनवाणी वाजवतात. ऑडिशनला पायात बूट येतो आणि पेडलचा अंदाज साफ चुकतो. तेव्हा ज्या बुटांत जायचं त्याच बुटांत, त्याच कपड्यांत महिनाभर आधीपासून आठवड्यातून दोनदा वाजवावं. कोणाला तरी टाळी वाजवून मध्येच थांबवायला सांगावं आणि ‘आता फ्यूग’ म्हणायला सांगावं.

श्रोत्यांची आपल्याकडे कमतरता नाही. गावातलं भजनी मंडळ बोलवा. डबलबारीला पहाटेपर्यंत बसणारी ही माणसं आहेत; बाख त्यांनी ऐकलेला नसेल, पण लय हलली, हात अडखळला हे त्यांना पहिल्या क्षणी कळतं, आणि पखवाजवाल्याच्या नजरेसमोर वाजवणं सोपं नाही. गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की घर भरतं. त्या पाच-सात दिवसांत दुरुस्तीचा रियाज होत नाही, हे आधीच धरून चालावं. मनातल्या मनात पाठांतर करावं आणि संध्याकाळी आरतीनंतर एक रचना सगळ्यांसमोर वाजवावी. मुलं इकडून तिकडे धावतात, मावशी बोलत असतात, कोणी मोदक पुढे करतं. अशा गोंगाटात रचना तडीस गेली तर पुढे एखाद्या परीक्षकाने पेन टेकवल्याचा आवाज त्रास देत नाही. खरी ऑडिशन येईपर्यंत अशी आठ-दहा सादरीकरणं व्हावीत, सुरुवातीला घरच्यांपुढे आणि शेवटची अनोळखी, जाणकार माणसांपुढे.

वेळापत्रक ऋतूंवर बसवता येतं. ब्रिटनच्या संस्थांचे अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात आणि ऑडिशन बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात होतात. अमेरिकेत प्राथमिक निवडीचा व्हिडिओ बऱ्याच ठिकाणी १ डिसेंबरपर्यंत मागतात, प्रत्यक्ष ऑडिशन जानेवारी ते मार्च. भारतात चेन्नईची केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी २००८ पासून आहे, कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिक १९१५ पासून. बाहेर जायचं असो वा इथेच, मृगाआधी सगळं पाठ झालेलं असावं. पावसाळा पिकवायला उत्तम, माणूस घरातच असतो.

व्हिडिओचं रेकॉर्डिंग मात्र पावसात करू नये. कौलांवरचा, त्याहून पत्र्यावरचा आवाज माइकमध्ये सगळ्यावर पसरतो. नवरात्रातले लाउडस्पीकर संपल्यावर, पहाटे पाच ते सात. पंखा बंद, म्हणजे घाम येणार, रुमाल जवळ असू द्यावा. रचनेच्या आत काटछाट चालत नाही, एक रचना एका सलग चित्रणात. हात, पट्ट्या आणि चेहऱ्याची बाजू दिसली पाहिजे. फोनचा माइक आवाज आपोआप सारखा करतो, हळू ते मोठं आणि मोठं ते बसकं होतं, आणि वादकाची सगळी मेहनत सपाट दिसते. वेगळा रेकॉर्डर आणावा, पियानोपासून दीड-दोन मीटरवर ठेवावा, आपोआप पातळी राखण्याची सोय बंद करावी, सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. एका बैठकीत एका रचनेचे तीनच प्रयत्न. चौथ्यापासून हात थकतो आणि कान निराश होतो.

शेवटच्या पंधरवड्यात विळीवर बसू नये, मासे साफ करू नयेत, फणस कापू नये, व्हॉलीबॉल खेळू नये. रियाजाचे तास या काळात अचानक वाढवले तर मनगटाचे स्नायुबंध सुजतात. दुखलं की थांबायचं, त्यात शौर्य नाही. शेवटचा आठवडा अर्ध्या लयीत, पान समोर ठेवून. आदल्या संध्याकाळी पूर्ण कार्यक्रम वाजवू नये. चांगला गेला तरी खर्च होतो, वाईट गेला तर रात्र जाते.

मुंबई-चेन्नईला रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी थेट ऑडिशनला बसणं टाळावं, निदान एक रात्र मध्ये हवी. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, तिथे तीन रात्री तरी हव्यात. थंडीत बोटांच्या टोकांना चिरा पडतात, दमट हवेत वाढलेल्या कातडीला जास्तच. रात्री व्हॅसलीन लावून सुती मोजे हातात घालावेत, सकाळी धुऊन टाकावं, नाहीतर पट्ट्या निसरड्या होतात. दोन तास आधी हलकं खावं. सोबत तांदूळ नेला असेल तर मऊ भात किंवा पेज सर्वांत बरी. चहा नेहमीइतकाच, जास्त नको. हातमोजे आणि गरम पाण्याची छोटी बाटली बाहेरच्या बाकावर शेवटपर्यंत हातात असू द्यावी. सोबत आलेल्या आईबाबांना एक विनंती: त्या बाकावर बसून सूचना देऊ नका, शेजारच्या खोलीतून येणाऱ्या वाजवण्यावर बोलू नका. तिथे नुसतं शेजारी बसणं पुरतं.

आत गेल्यावर पहिलं काम स्टुलाचं. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर येईल इतकं ते फिरवून घ्यावं, आणि त्याला लागेल तेवढा वेळ घ्यावा. परीक्षक वाट पाहतात, त्यांना याची सवय असते. आवाज न करता पेडल एकदा दाबून ते कुठे धरतं ते पायाने ओळखावं. परवानगी असेल तर एक-दोन हळू स्वरसंगती वाजवाव्यात. खोली घुमत असेल तर पेडल कमी, लय अंमळ संथ. हात मांडीवर ठेवून दाट बार ऐकावा, लय ठरवावी, मग सुरू करावं. मध्येच ‘थँक यू’ म्हणून थांबवलं तर त्याचा वाईट अर्थ काढू नये. वेळ बांधलेली असते आणि जे ऐकायचं होतं ते ऐकून झालेलं असतं. त्या शब्दानंतर पुढची रचना सुरू करायला स्वतःला पाच सेकंद द्यावेत. बहुतेकांची घाई नेमकी इथे होते.

बहुतेक विद्यार्थ्यांच्या पाठोपाठ चार-पाच ऑडिशन असतात, कधी आठवड्याच्या अंतराने. पहिलीहून बाहेर पडल्यावर तासाभरात वही काढावी. निकालाचा अंदाज बांधू नये, तो लागायला कधी कधी महिने जातात. पियानो कसा होता ते त्याच चार ओळींत लिहावं, आणि कोणत्या बारला हात हलला तेही. त्या जागा सहसा तीन-चारच निघतात. दुसऱ्या दिवशी फक्त त्यांवर काम करायचं: अर्ध्या लयीत, आधी डावा हात एकटा, मग दोन्ही, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एक-एक नवीन आरंभस्थान. बाकीच्या कार्यक्रमाला त्या दिवशी हात लावायची गरज नाही.